फिलू बोलली तो रविवार

रवि. ५ जाने.

सभेत आज पुन्हा तेच. दहाला बसलो, दहा वाजून चार मिनिटांनी लॅपटॉपमधून घूं सुरू. फिलूचं ऑक्सिजनचं मशीन; आजारपणामुळे ती घरूनच सभेला बसते. घूं, मग टक्, मग फुस्स. पुन्हा घूं. मध्येच तिच्या माझगावच्या गल्लीतली मासेवाली. बोंबील, मांदेली, पुन्हा बोंबील. मौनात बसून माशांची यादी ऐकायला मी लालबागहून दादरला जात नाही. आमच्या दारात मासेवाली रोज येते, तिची हाक फुकट ऐकू येते.

खोलीत आठ जण, लॅपटॉपमध्ये पाच. बालवाडीच्या बुटक्या खुर्च्या, गुडघे छातीशी. हे सगळं सोसते ते त्या एका तासाच्या शांततेसाठी. तीच मिळत नसेल तर घरी पंख्याखाली बसलेलं काय वाईट.

अकराला हात मिळवून सभा संपली. चहाला देवेनला गाठलं. लॅपटॉप तो सांभाळतो. पंचेचाळिशीचा, बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, अँटॉप हिलहून येतो.

"देवेन, ही सभा आहे की कारखाना?"

"ताई, मला इथून सगळ्यांना म्यूट ठेवता येतं. ज्याला बोलायचंय त्यानं स्क्रीनवर हात वर करायचा. मग मी आवाज सोडतो."

"मग इतके दिवस का नाही केलंस?"

"कोणी म्हणालं नाही."

"मी म्हणते."

आम्हा क्वेकर मंडळींचा, मौनात बसून प्रार्थना करणाऱ्यांचा, हा जुना दोष. त्रास सगळ्यांना होतो, सोसतात सगळे, आणि सोसण्यालाच साधना म्हणतात. शेवटी कोणाला तरी वाईट व्हावं लागतं. ते काम नेहमी माझं.

रवि. १२ जाने.

घूं नाही, मासेवाली नाही. पूर्ण तास शांत.

इतकं शांत की कानाला बोचलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये अडतीस वर्षं काढली, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. जिवंत लाइन कोणती आणि मेलेली कोणती, हे मला झोपेतही कळेल. जिवंत लाइनवर कोणी बोलत नसलं तरी काहीतरी असतं. श्वास असतो, खोली असते. मेलेल्या लाइनवर काही म्हणजे काही नसतं. आज लॅपटॉप तसा होता. पण तक्रार कोणत्या तोंडानं करू, मागणी माझीच.

साडेदहाच्या सुमारास पाय आखडला म्हणून डोळे उघडले. पडद्यावर फिलूच्या चौकोनात तिचं तोंड हलत होतं. वाटलं गोळी चघळतेय. पाय सरळ केला, डोळे मिटले.

आज कोणीच बोललं नाही. शेवटी नेहमीसारखे पडद्याकडे हात हलवले. फिलूनं दोन्ही हात हलवले, नळी नाकातून निसटेपर्यंत. चेहरा अगदी मोकळा दिसला. म्हटलं, नवं औषध लागू पडलं वाटतं.

सोम. १३ जाने.

सकाळी आठला फिलूचा फोन.

"मालू, काल रात्री झोप लागली गो. सलग. कधी लागली होती अशी, आठवत नाही."

म्हटलं, बरं झालं.

"बोलले ना शेवटी. बावीस वर्षं थांबले होते. आता हलकं वाटतंय."

मी फोन धरून उभी. ते हलणारं तोंड डोळ्यांसमोर आलं. गोळी नव्हती ती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य. "फिलू, तुझा आवाज बंद होता." मी म्हणाले, "हो."

"बरं झालं तू खोलीत होतीस," म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. तिला कळलं कसं नाही? कळणार कसं. आमच्यात पाद्री नाही, भटजी नाही, गाणं नाही. ज्याला आतून अगदी बोलावंच लागतं तो बोलतो. ऐकणारे उत्तर देत नाहीत, मान हलवत नाहीत, डोळेही उघडत नाहीत. पुन्हा मौन. फिलू बोलली आणि तिला तेच मौन मिळालं. नियमात कुठे खोट नाही. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही बैठकीत कोणीतरी ओरडलं असतं, "बाई, ऐकू येत नाही, म्यूट काढा." आम्ही बारा जण डोळे मिटून धन्य बसलो होतो.

आणि बोलली कोण, तर फिलू. हिनंच मला या सभेत आणलं. एक्सचेंजमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसायची, चर्चमधल्या मासच्या घंटा आणि ऑर्गनला कंटाळून इकडे आली, वर्षभरानं माझा हात धरून मला घेऊन आली. (मी घरी गणपतीही बसवते. इथे कोणी विचारलं नाही, मी सांगत बसले नाही.) मी आजवर पाचदा बोलले असेन, त्यातलं तीनदा उगाच. फिलू एकदाही नाही. "अजून आलं नाही गो ओठांवर," म्हणायची.

आलं तेव्हा आम्ही ऐकलं नाही.

मंगळ. १४ जाने.

देवेनला फोन.

"हो ताई, म्यूटच होत्या. हात वर करा असं ग्रुपवर टाकलं होतं मी."

"ती ग्रुप वाचत नाही. तिला मोतीबिंदू आहे."

"कोपऱ्यात लाल खूण येते."

"मोतीबिंदूवाल्या बाईनं कोपऱ्यातली खूण बघायची?"

"त्यांची भाची असते ना जवळ."

"ग्लोरिया टॅब लावून देते आणि दहाच्या मासला जाते. घरी एकटी असते ती."

तो हळूच, "ताई, तुम्हीच म्हणालात."

म्हणाले. म्हणून काय तपासायचं नाही? तेरा माणसांतलं एक तोंड हलतंय हे बघायचं नाही? बघितलं मी. बघून डोळे मिटले. त्याच्यावर ओरडताना हे त्याला सांगितलं नाही.

रेकॉर्डिंगही नाही. सभेचं ठेवायचं नाही असं आमचं ठरलेलं, आणि ते योग्यच आहे. फक्त आज त्याचा राग आला.

संध्याकाळी शेजारच्या मुली तिळगूळ घेऊन दारात. गोड बोला म्हणाल्या. घेतला, दार लावलं.

रवि. १९ जाने.

मॅरेथॉनमुळे रस्ते अडवलेले. परळपासून चालत गेले, आधीच डोकं तापलेलं.

चहाला विषय काढला. सगळ्यांना सांगितलं काय झालं ते. माझा "हो" सोडून.

जोसेफसर आमच्या सभेचे लेखनिक. शीवला राहतात, एक्क्याऐंशीचे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मालतीबाई, ज्याला पोचायचं त्याला ते पोचलं."

"सर, देवालाच ऐकवायचं असतं तर ती कुठल्याही दिवशी पलंगावर पडल्या पडल्या बोलली असती. ती रविवारी दहा ते अकरामध्ये बोलली. आपल्याला ऐकवायला."

सर काही बोलले नाहीत. सरांचं मौन सभेबाहेरही चालूच असतं. कधी कधी ते सोयीचं असतं.

कोरगावकरबाई म्हणाल्या, "पण आनंदात आहेत ना त्या? मग कशाला सांगायचं. बिचाऱ्या किती दिवसांच्या."

किती दिवसांच्या. म्हणजे माणूस आजारी पडलं की त्याच्याशी खरं बोलायचं बंधन सुटतं. हेच लोक सत्यावर पुस्तिका वाटतात.

देवेन: "असं सांगू या का, की लाइन खराब होती, नीट ऐकू आलं नाही, परत एकदा बोला?"

"लाइन खराब होती असं मी लोकांना अडतीस वर्षं सांगितलंय. कधी सांगतात ते मला माहीत आहे."

शिवाय हे परत एकदा बोलण्यासारखं नसतं. भाजी आणायला सांगितली नव्हती तिनं.

मग मी म्हटलं, म्यूटचा नियम आजपासून बंद. कोरगावकरबाई म्हणाल्या, दोन आठवडे किती छान गेले. देवेन म्हणाला, बाकीच्या चौघांचेही आवाज येतात, कुत्रा, टीव्ही. आमच्यात मतदान नाही. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत थांबायचं. सर म्हणाले, दोन फेब्रुवारीच्या कामकाजाच्या बैठकीत ठेवू, तोवर आहे तसं. म्हणजे फिलू आणखी दोन रविवार बंद. पद्धत आहे. पद्धतीपुढे काही चालत नाही.

तिला सांगायचं काम कोणी करायचं म्हटल्यावर सगळे चहाच्या कपात बघत होते.

बुध. २२ जाने.

माझगावला जाऊन आले. सांगायला गेले होते.

फिलू उशांना टेकून. मशीन पलंगाच्या पायथ्याशी, लहान फ्रिजएवढं. त्या खोलीत त्याचा आवाज लॅपटॉपपेक्षा दुप्पट. ती चोवीस तास त्याच्यात असते. मला तासभर सोसला नव्हता.

ग्लोरियानं चहा आणि नारळाची बिस्किटं दिली. फिलू म्हणाली, "हिला दोन दे, एका बिस्किटावर ही कोणाला बरं म्हणत नाही."

विषय कसा काढावा. म्हटलं, "त्या रविवारी बोललीस ते..."

"ते झालं गो. पुन्हा काढू नको."

"नाही, पण."

"तुझं नाव घेतलं नाही मी. पण तुझ्याबद्दल होतं थोडं, ते तुला कळलंच असेल."

मशीन चालू. टक्. फुस्स. ती माझ्याकडे बघत होती, वाट बघितल्यासारखी.

"हो," म्हटलं. दुसऱ्यांदा.

तिनं माझ्या हातावर थोपटलं. मग आम्ही एक्सचेंजच्या गोष्टी काढल्या. मी उठले आणि आले.

बी.ए. केलं, अकरा वर्षं चाळीस बायकांवर देखरेख केली, कोणी पाच मिनिटं उशिरा आली तर उभं केलं. आणि एका आजारी बाईसमोर दोन शब्द निघाले नाहीत.

माझ्याबद्दल काय होतं?

हेही लिहून ठेवते: आता तिला सांगायचंय ते सत्यासाठी, की मला ते ऐकायचंय म्हणून, हे माझं मलाच सांगता येत नाही.

रवि. २६ जाने.

बालवाडीसमोर झेंडावंदन. सव्वानऊपासून कर्णा. देशभक्तीची गाणी, मग कोणा नगरसेवकाचं भाषण, मग पुन्हा गाणी. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. आमची सभा तशीच बसली. कोणी भुवई उंचावली नाही. कोरगावकरबाई प्रसन्न.

बाहेरच्या कर्ण्याला आपल्याकडे बटण नाही, म्हणून तो चालतो. फिलूच्या श्वासाला आहे, म्हणून तो दाबला. किती साधा हिशोब.

मी पूर्ण तास डोळे उघडे ठेवले, लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून. फिलूचं तोंड मिटलेलं. एकदा ओठ हलले, मी अर्धी उठले. नुसते कोरडे पडले होते.

गुरु. ३० जाने.

काल ग्लोरियाचा फोन. आंटीला धाप जास्त लागते, डॉक्टरांनी मशीनचा आकडा वाढवलाय. आज सकाळी टॅक्सी केली.

दारातच सांगितलं, चपला काढायच्या आधी. आत जाऊन बसले असते तर पुन्हा बिस्किटं आली असती.

"फिलू, तू बोललीस ते कोणीही ऐकलं नाही. सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवले होते. तुझ्या मशीनचा आवाज येतो म्हणून. तक्रार माझी होती."

ती बघत राहिली. मग हसली. खरंच हसली, धाप लागेपर्यंत. ग्लोरिया धावत आली.

"म्हणजे मी भिंतीला ऐकवलं. तरीच भिंत एवढी शहाणी दिसते आजकाल." थोड्या वेळानं, "आपण काय कमी लोकांना कापलं गो? तो साहेब आठवतो, बायकोला ट्रंक कॉल लावून ओरडायचा?"

आठवतो. तीनदा कापला होता फिलूनं. चौथ्यांदा मी. मीही हसले. वाटलं, झालं, सुटले. चपला काढल्या, खुर्चीवर बसले.

हसणं ओसरलं. मशीन चालू.

"मग तू हो का म्हणालीस?"

मी काढलेल्या चपलांकडे बघितलं.

"एकदा फोनवर. एकदा इथे, याच खुर्चीत. तुझ्याबद्दल होतं म्हटलं, तेव्हाही हो."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"चाळीस वर्षांत मला वाईट वाटू नये म्हणून तू काही केलंस, असं हे पहिल्यांदाच." धाप लागली, थांबली. "मशीनचा त्रास होतो ते देवेनला सांगितलंस. मला सांगितलं असतंस तर मी टॅब लांब ठेवला असता."

मी मशीनच्या आकड्याकडे बघत बसले.

"म्यूटचं काही नाही. पोरांची यंत्रं आहेत, चुकतात. जा आता. ग्लोरिया बाय, हिच्यामागे दार लाव."

परतीच्या बसमध्ये तिचाच राग आला. खरं सांगायला मी एकटी गेले, बाकीचे अकरा जण घरी, आणि दार माझ्यामागे लागलं. भायखळ्यापर्यंत तो राग पुरला. पुढे पुरला नाही.

रवि. २ फेब्रु.

कामकाजाची बैठक. बाहेर माघी गणपतीच्या विसर्जनाचे ताशे, ओरडून बोलावं लागत होतं.

मी उभी राहून सगळं सांगितलं. पाय आखडला होता इथपासून. दोनदा हो म्हणाले तेही. कोरगावकरबाईंनी पदर तोंडाला लावला. सर डोळे उघडून ऐकत होते.

मग देवेन. मला वाटलं आता कुत्रा आणि टीव्ही काढणार. तो म्हणाला, "मी घरी करून बघितलं. लॅपटॉप इथल्यासारखा बाहेर बायकोजवळ ठेवला, मी आतल्या खोलीत म्यूट होऊन बोललो. पाच मिनिटं. बायको लसूण सोलत होती, तिनं वरही बघितलं नाही." थांबला. "चमत्कारिक वाटतं, ताई."

मग त्यानं एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. म्यूट काढलं तरी ती यंत्रणा, जानेवारीत आपोआप अपडेट झाल्यापासून, आपणहून घूं गाळते. पंखा, मशीन, श्वास, जे बोलणं नाही ते सगळं कचरा समजते. ते बंद करायचं बटण त्यानं शोधून काढलंय. म्हणजे कोणी न सांगता एक यंत्र ठरवतं की आमच्यातला कोण आवाज आणि कोण कचरा. आणि आम्ही त्याला शांतता म्हणत बसलो होतो.

कोरगावकरबाई: "म्हणजे पुन्हा ते घूं."

"पुन्हा घूं," मी म्हटलं.

ताशे लांब गेले. शेवटी बाई म्हणाल्या, "माझं मन होत नाही. पण मी आडवी येणार नाही." एवढं पुरतं आमच्यात. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे होतं त्यातलं थोडं कमी करायला हवं.

सरांनी लिहून वाचलं: सभेत कोणाचाही आवाज बंद ठेवायचा नाही. दर रविवारी एकानं डोळे उघडे ठेवून पडद्याकडे बघत बसावं. पहिले चार रविवार मालतीबाई.

सगळं मनासारखं झालं. फिलूचा चौकोन आज नव्हताच.

रवि. ९ फेब्रु.

आजही नाही.

डोळे उघडे ठेवून बसले. लॅपटॉपमधून एकाचा पंखा, एकाचा मिक्सर, कोणाच्या तरी नातवाचं पाढे म्हणणं. खोलीत कोरगावकरबाई घोरतात. वर्षानुवर्षं मी तो आवाज बाहेरच्या रिक्षाचा समजत होते, आणि दादरला रिक्षा येत नाहीत हेही कधी डोक्यात आलं नाही.

या सगळ्यात एक आवाज कमी. जो घालवायला निघाले होते तोच.

ग्लोरियाला फोन केला. "आंटी म्हणते, रविवारी टॅब लावू नको." बरी आहे का? "बरी आहे. रागात आहे. रागात असली की जेवते नीट." 

बुध. १२ फेब्रु.

दुपारी तिच्या नंबरवर फोन केला. उचलला. हॅलो नाही.

मीही काही म्हटलं नाही. माफी मागायची म्हणून केला होता, वाक्यही ठरवलं होतं. पण पलीकडे ती होती. घूं, टक्, फुस्स. आता थोडं जलद झालंय, आकडा वाढवल्यामुळे. खालून मासेवाली गेली. कुठेतरी गोदीतला भोंगा झाला. ती खोकली, पाणी प्यायली, ग्लास ठेवला. माझ्याकडे कामगार वसाहतीतल्या मैदानातली मुलं, तिला ऐकू आली असतील.

ठेवते का बघितलं. ठेवला नाही.

मग ठेवला. घड्याळ बघितलं, बावीस मिनिटं. ड्यूटीवर असते तर मेमो दिला असता.

शनि. १५ फेब्रु.

ग्लोरियाचा फोन. "आंटी विचारते, उद्या इकडे येऊन बसशील का? टॅब लावू म्हणते, पण तू इकडे. बोलणार नाही म्हणते. मुद्दाम सांग म्हणाली, बोलणार नाही."

पडद्याची पाळी माझी, ती देवेनला दिली. सरांना कळवलं. सर म्हणाले, "दोघी बसलात तरी सभाच आहे, मालतीबाई." कधी कधी सर वेळेवर बोलतात.

रवि. १६ फेब्रु.

साडेनऊला पोचले. ग्लोरिया साडीला पिना लावत होती, टॅब लावून दिला आणि मासला गेली. फिलू म्हणाली, "बस." बस.

पलंगाशेजारी खुर्ची. टॅब समोरच्या टेबलावर, उशीला टेकवून. दहाला दादरची खोली दिसली. मी ती कधी या बाजूनं बघितली नव्हती. सात माणसं अर्धवर्तुळात, आणि देवेनचा चेहरा सगळ्यात पुढे, डोळे मोठे करून आमच्याकडे बघत. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले. सरांची मान कललेली. कोरगावकरबाईंचं तोंड किंचित उघडं.

त्या रविवारी देवेनही डोळे मिटून बसला होता. म्हणजे फिलूनं जे बोलायचं ते या मिटलेल्या चेहऱ्यांकडे बघत बोललं. एकही चेहरा हलला नाही, आणि तिनं ते ऐकणं समजलं. आम्ही ऐकतो तेव्हा दिसतोच तसे. आणि ऐकत नाही तेव्हाही.

मला फार राग आला. कोणावर हे ठरवता आलं नाही, म्हणून तो तसाच बसू दिला.

मशीनचा आवाज मावळत वगैरे नाही. मला वाटलं होतं, दहा मिनिटांनी सवय होईल, कळेनासा होईल. झाला नाही. तासभर पूर्ण ऐकू आला. प्रत्येक टक्. तिची छाती त्याच्यामागून अर्धा क्षण उशिरा वर येते, तेही दिसलं.

पावणेअकराच्या सुमारास तिनं मोठा श्वास घेतला, ओठ उघडले. टॅबमध्ये देवेन पुढे झुकला. मी हललेही नाही. ओठ मिटले. बोलणार नाही म्हणाली होती, बोलली नाही.

अकराला तिकडे सगळ्यांनी हात मिळवले, आमच्याकडे हलवले. फिलूनं टॅबकडे हात केला नाही, माझ्यापुढे केला. हात गार, पकड पूर्वीसारखी, एक्सचेंजच्या बोर्डावरच्या बायकांची. लगेच सोडला नाही.

"ऐकलंस काही?"

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं.

"नाही," म्हटलं.

"बरं."

हात सोडला आणि डोळे मिटून पडून राहिली. माझ्याबद्दल काय होतं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ग्लोरिया आली तोवर मी कप धुऊन ठेवले.

पुढच्या रविवारी ये, असं म्हणाली नाही. येऊ नकोस असंही नाही. निघताना ग्लोरियाला विचारून ठेवलंय, ती मासला गेली आणि मी उशिरा पोचले तर किल्ली कुठे असते.